पेट्रोलला लागली तहान!

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. उन्हाळ्यात मोकळं असलेलं मीठ जुलै महिन्यात ओलं आणि चिकट होतं. आई म्हणते, "मीठ पाघळलं बाई!" बरणीत कुणी पाणी ओतलेलं नसतं. मिठानंच ते हवेतून ओढून घेतलेलं असतं.

गंमत म्हणजे, आपल्या मोटारसायकलीत जाणारं पेट्रोलही हल्ली थोडंसं असंच वागू लागलं आहे. मला हे कसं कळलं, तीच गोष्ट आज सांगतो.

किक मारून पाय दुखला

गोष्ट 2025 च्या जूनमधली. माझी मोटारसायकल पंधरा वर्षांची जुनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि गाडी घराच्या पडवीत अर्ध्या टाकीवर तशीच उभी राहिली. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी किक मारली. एक, दोन, दहा, वीस! गाडी नुसती फुरफुरायची आणि गप्प बसायची. शेवटी ढकलत ढकलत गॅरेजवर नेली.

गॅरेजवाले काका जुने फिटर. त्यांनी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि उजेडात धरलं. बाटलीत दोन थर! वर पेट्रोल आणि खाली वेगळंच काहीतरी.

"पाणी झालंय बघा, गुरुजी," काका म्हणाले.

"म्हणजे पंपावर भेसळ?"

"भेसळ न्हाई. पाणी तुमच्या टाकीच्या झाकणातनं आलंय, रबर फाटलंय त्याचं. पण आताच्या पेट्रोलला पाणी लई आवडतं. त्यात उसाचं स्पिरिट असतंय न्हवं!"

शेतातून टाकीत

काका म्हणत होते ते स्पिरिट म्हणजे इथेनॉल. साखर कारखान्यात उसाच्या रसापासून साखर केली, की काळी, दाट मळी उरते. मळीतही साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती साखर खाऊन इथेनॉल तयार करतात. इडलीचं पीठ आंबतं ना, तसलाच हा प्रकार. मग ते उकळून, वाफ थंड करून वेगळं काढतात. थेट उसाच्या रसापासून, मक्यापासून आणि तुटक्या तांदळापासूनही इथेनॉल होतं.

नुसतं उकळून मात्र त्यातलं सगळं पाणी निघत नाही. शंभरात चार-पाच भाग पाणी चिकटून राहतंच. ते काढायला कारखान्याला आणखी खटाटोप करावा लागतो. तेव्हा कुठे ते पेट्रोलमध्ये मिसळण्याइतकं कोरडं होतं.

आपल्या देशात हा प्रयोग 2001 साली तीन ठिकाणी सुरू झाला. त्यातली दोन महाराष्ट्रातली होती: मिरज आणि मनमाड! 2003 मध्ये नऊ राज्यांत शंभर भागांत पाच भाग इथेनॉल मिसळू लागले. जून 2022 मध्ये देशानं दहा भागांचा टप्पा गाठला आणि 2025 मध्ये वीस भागांचा. पंपावर 'ई-20' लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ हाच.

हे कशासाठी? आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग परदेशातून आणावे लागतात. जेवढं तेल घरच्या पिकातून मिळेल, तेवढा पैसा वाचतो आणि शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळतं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कमी होतो.

दहाचे पंचवीस

काकांनी मग मला एक परीक्षा करून दाखवली. आकडे लिहिलेल्या काचेच्या नळीत त्यांनी 10 मिलिलिटर पाणी घेतलं आणि वर 90 मिलिलिटर ताजं पेट्रोल ओतलं. नळी हलवून दोन मिनिटं उभी ठेवली. पाणी तर दहाच मिलिलिटर होतं. पण खालचा थर आता पंचवीसच्या जवळपास पोचला होता!

कारण पेट्रोलमधलं बरंचसं इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्याकडे गेलं. इथेनॉलची पेट्रोलशी मैत्री आहे, पण पाण्याशी त्याहून पक्की!

लिटरभर मिश्र पेट्रोलात चहाचा एखाद-दुसरा चमचा पाणी गेलं, तरी ते विरघळून जातं आणि इंजिनात जळताना निघूनही जातं. त्याहून जास्त झालं, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. आणि इंजिनाकडे जाणारी वाट असते टाकीच्या तळाशी. मग इंजिन पेटणार कसं?

काकांनी कार्ब्युरेटर उघडला. आतल्या बारीक भोकाच्या पितळी जेटवर हिरवट-पांढरा थर धरला होता. पेट्रोलचा जुना रबरी पाइप फुगून मऊ पडला होता. इथेनॉल काही प्रकारचं जुनं रबर आणि प्लॅस्टिक हळूहळू खराब करतं, आणि पाण्याची साथ मिळाली तर धातूलाही गंज चढवतं. नव्या गाड्यांत त्याला टिकणारं रबर वापरतात. माझी गाडी मात्र त्याआधीची.

थोडं गणितही करू

एक लिटर इथेनॉल जाळलं, तर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता मिळते. म्हणून गाडी थोडी कमी पळते. नीती आयोगाच्या 2021 सालच्या अहवालात जुन्या घडणीच्या दुचाकींसाठी ही घट शेकडा 3 ते 4 सांगितली आहे. गाडी लिटरला 60 किलोमीटर जात असेल, तर शेकडा 4 च्या हिशेबानं ती 57.6 किलोमीटर जाईल. महिन्याला 600 किलोमीटर फिरायचं असेल, तर पेट्रोल किती जास्त लागेल? पाटीवर करून पाहा. उत्तर येईल अर्ध्या लिटरला थोडं कमी.

दुसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. इथेनॉलला नऊच किलो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत हे ओळखून पेट्रोल कमी-जास्त सोडणारी यंत्रणा असते. कार्ब्युरेटरला डोकं नसतं. तो आपला ठरलेल्या मापानंच देतो, हवा जास्त पडते आणि इंजिन थोडं जास्त तापतं.

"आमच्याच उसानं?"

शाळेत मी हे सगळं पाचवीला सांगितलं. एक मुलगी उभी राहिली. "सर, आमचा फवारणीचा पंप पण बंद पडलाय. आप्पा दुसऱ्यांच्या रानात फवारणीला जातात. आठ दिवस झाले, मजुरी बुडाली."

संध्याकाळी तिच्या आप्पांनी पंप काकांकडे आणला. हे छोटं टू-स्ट्रोक इंजिन. त्याला वंगणाची वेगळी सोय नसते, तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं. पंप हिवाळ्यापासून तसाच पडून होता आणि आत पाणी शिरलं होतं. तळाशी बसलेल्या पाणी-इथेनॉलच्या थरात तेल विरघळत नाही. तो थर इंजिनात गेला आणि वंगणावाचून पिस्टन जाम झाला.

मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, आमच्याच उसानं आमचा पंप बंद पाडला?"

आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "थोडं तसंच आहे बाळ. तुमचा ऊस कारखान्यानं घेतला, हेही खरं. पंपाला त्याचा त्रास झाला, हेही खरं. पण पाणी आत शिरलं नसतं, आणि पंप रिकामा करून ठेवला असता, तर एवढं झालं नसतं. पेट्रोल बदललं, हे आपल्याला कळलं होतं. त्याची सवय बदलली, हे कुणी नीट सांगितलंच नाही."

काकांनी पिस्टन आणि पाइप बदलला. चौथ्या दिवशी आप्पा फवारणीला गेले. त्या मुलीनं सुंदर अक्षरात एक तक्ता लिहिला आणि पंपाच्या खुंटीशेजारी चिकटवला. तोच तुमच्यासाठी देतो. मोठ्यांना वाचून दाखवा. पेट्रोलला हात मात्र मोठ्यांनीच लावायचा, मुलांनी नाही!

1. टाकीच्या झाकणाचं रबर पावसाळ्याआधी तपासा. गाडी आडोशाला लावा.
2. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होईल.
3. फवारणी पंप, गवत कापायचं यंत्र, जनरेटर यांचं काम संपलं, की टाकी रिकामी करून ठेवा.
4. टू-स्ट्रोकसाठी तेल-पेट्रोल लागेल तेवढंच आणि ताजं मिसळा.
5. जुन्या गाडीचा रबरी पाइप आणि फिल्टर दरवर्षी पाहा. नवा पाइप इथेनॉलला टिकणारा मागा.
6. आपली गाडी ई-10 ची की ई-20 ची, ते गाडीच्या पुस्तिकेत वाचा.

करून पाहा

पावसाळ्यात एका बशीत चमचाभर मीठ आणि दुसऱ्या बशीत चमचाभर गोडं तेल ठेवा. चार दिवसांनी पाहा. पाणी कुणी ओढलं, कुणी नाही? जुनं पेट्रोल तेलासारखं होतं. आताच्या पेट्रोलात थोडा मिठाचा गुण आला आहे.

मीठ पाघळतं म्हणून आपण ते फेकून देत नाही. बरणीचं झाकण घट्ट लावतो, एवढंच. मग आज घरी गेल्यावर गाडीच्या टाकीचं झाकण बाबांना तपासायला सांगाल ना?