फॉर्मचा फोटो घरीच काढायचाय? एक खिडकी, पांढरी चादर आणि दोन बल्ब पुरतात

अंबरनाथ/बदलापूर : भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आलेली आणि मोबाईलमधला फोटो निम्मा काळा, निम्मा पांढरा. वांगणी, मुळगावसारख्या गावांतून फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींवर ही वेळ नेहमी येते. पूर्वी स्टेशनजवळच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साइज फोटो काढला, स्कॅन केला की काम भागायचं. पण स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या फॉर्ममध्ये २०२४ पासून फोटो तिथल्या तिथे, मोबाईल किंवा वेबकॅमवर थेट काढावा लागतो. उजेड पुरेसा हवा, मागे साधी भिंत हवी, टोपी-चष्मा-मास्क नको, अशा सूचना असतात. फोटो सूचनांप्रमाणे नसेल तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणजे स्टुडिओतला उजेड आता घरातच तयार करायला शिकायला हवं. ते अवघड नाही आणि त्याला महागडं सामानही लागत नाही.

उजेड कुठून येतो ते आधी बघा

अंबरनाथचं शिवमंदिर आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या मंदिराच्या भिंतींवर तिरपं ऊन पडलं की शिल्पांचं नाक, बोटं, दागिने उठून दिसतात. ढगाळ दिवशी तीच शिल्पं सपाट वाटतात. चेहऱ्याचंही तसंच. उजेड अगदी समोरून आला तर चेहरा चपटा दिसतो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पाडतो. उजेड थोडा बाजूने आणि डोळ्यांपेक्षा थोडा वरून आला की चेहरा भरीव आणि स्वच्छ दिसतो.

दुसरी गोष्ट उजेडाच्या आकाराची. उघडा बल्ब लहान असतो, म्हणून त्याची सावली धारदार पडते. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळून आला की सावली मऊ होते. स्टुडिओत दिव्यापुढे छत्री किंवा पांढऱ्या कापडाची पेटी लावतात ती याचसाठी.

तिसरी गोष्ट अंतराची. दिवा दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे उजेड कमी वाटला तर मोठा बल्ब आणण्याआधी आहे तोच जवळ घ्या.

दिवसा : खिडकीचा स्टुडिओ

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. त्या काळातले स्टुडिओ काचेच्या छतातून आणि खिडक्यांतून येणाऱ्या उजेडावरच चालायचे. घरातली खिडकी आजही तेच काम करते.

१. थेट ऊन येत नाही अशी खिडकी किंवा दार निवडा. ऊन येत असेल तर पातळ पांढरं कापड लावा.
२. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसा. खिडकी एका बाजूला, थोडी समोर राहील असं बघा.
३. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा पांढरा कागद चिकटवलेला पुठ्ठा धरायला सांगा. खिडकीचा उजेड त्यावरून परतून काळी बाजू उजळते.
४. पाठ भिंतीला टेकवू नका. तीन-चार फूट पुढे बसलं की सावली भिंतीवर पडत नाही.
५. घरातले पिवळे दिवे बंद करा. दोन रंगांचा उजेड मिसळला की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर येतो.

रात्री किंवा पावसाळी अंधारात

एकाच पांढऱ्या रंगाचे दोन एलईडी बल्ब घ्या. पहिला बाजूला, डोक्यापेक्षा थोडा वर ठेवा आणि त्याच्यापुढे फूटभर अंतरावर पांढरं कापड टांगा. दुसरा फक्त मागच्या भिंतीवर पडू द्या. भिंत उजळते, सावली जाते. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन कापडाजवळ लावू नका, कापड पेटू शकतं. वायर उघडी नको, ओल्या हाताने होल्डरला हात नको. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो बल्ब लुकलुकतोय, तो बदलून बघा.

मोबाईल कसा धरायचा?

मोबाईल डोळ्यांच्या रेषेत, चार-पाच फुटांवर ठेवा. फार जवळून काढला तर नाक मोठं दिसतं. फ्लॅश बंद, ब्युटी फिल्टर बंद. फिल्टरने चेहरा बदलतो आणि परीक्षेच्या दिवशी ओळख पटवताना अडचण येते.

मागे पांढरी भिंत असली की मोबाईलला सगळंच जास्त उजळ वाटतं आणि तो फोटो गडद करतो. सावळा चेहरा मग आणखी काळा पडतो. दोष रंगाचा नाही, मोबाईलच्या हिशोबाचा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका चमकला, कपडे आणि भिंत वेगळी दिसली, तर उजेड बरोबर बसला असं समजा.

कुठे चालेल, कुठे नाही?

आधारचा फोटो केंद्रावरच काढतात. मोठ्या माणसांचा पासपोर्टचा फोटोही पासपोर्ट सेवा केंद्रातच निघतो. मात्र ४ वर्षांखालील मुलांसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो सोबत न्यावा लागतो. लहान बाळाला खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढला की रडारड कमी होते. फक्त चादरीला चुण्या नकोत आणि मोबाईलची सावली बाळावर नको.

प्रत्येक फॉर्मचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचा. थेट फोटो काढायचा असेल तर शेवटच्या रात्रीची वाट बघू नका. दिवसाउजेडी, नेटवर्क नीट असताना आधी दोन-चार फोटो काढून बघा, जागा ठरवा आणि मगच फॉर्म उघडा.