सहा ठिपक्यांत मराठी कशी मावते?

बाबा आमटे यांनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ उभारायला घेतलेल्या आनंदवनात अंध मुलांची शाळाही आहे. तिथल्या मुलांचं बोट ब्रेल लिपीच्या पानावरून सरकतं, तेव्हा एका जागेवर जास्तीत जास्त सहाच ठिपके लागतात. एवढ्यात मुळाक्षरं, मात्रा, विरामचिन्हं बसतात कशी?

ठिपका दिव्याच्या बटणासारखा असतो: उठलेला, नाहीतर सपाट. अर्धवट उठलेल्या ठिपक्याला अर्थ नाही. म्हणजे एका ठिपक्याच्या दोन शक्यता. दुसरा ठिपका आला की आधीची प्रत्येक शक्यता दोन वाटांनी पुढे जाते, म्हणून चार. मग आठ, सोळा, बत्तीस आणि सहाव्या ठिपक्याला चौसष्ट. पूर्ण कोरी जागा वगळली तर ६३ खुणा उरतात. पाचवर थांबलं असतं, तर मराठीची नुसती व्यंजनंही मावली नसती.

आणि आकडे? इथली युक्ती फारच सुंदर आहे. आधी एक अंकचिन्ह येतं. त्यानंतर अक्षराचीच खूण अंक म्हणून वाचली जाते. खूण तीच, अर्थ मात्र आधी काय आलं त्यावर ठरतो. संगणकही असंच वाचतो.

संगणकशास्त्राचे विद्यार्थी सुरुवातीलाच डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकतात, ते अशाच सुट्या, मोजता येणाऱ्या शक्यतांसाठी. उठलेला ठिपका १, सपाट ०. ‘क’साठी पहिला आणि तिसरा ठिपका उठतो, म्हणून १०१०००. संगणकाला जोडायच्या ब्रेल पट्टीवर प्रत्येक जागी साधारणपणे आठ ठिपके असतात. दोनच वाढले, पण ६४चे २५६ झाले. संगणकाच्या एका बाइटमध्ये, म्हणजे आठ ०-१च्या गटात, नेमक्या तेवढ्याच शक्यता असतात.