१८९० ची खानेसुमारी, १९२४ चा कायदा

३० जून १९२४ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेत ७,०६,८९६ स्थलांतरित दाखल झाले. पुढच्या वर्षी २,९४,३१४. घट ५८ टक्के. मधल्या काळात युद्ध झाले नाही की साथ आली नाही. २६ मे १९२४ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी एका कायद्यावर सही केली होती आणि १ जुलैपासून तो लागू झाला होता.

देशागणिक कोटा ठरवण्याची पद्धत १९२१ पासूनच होती. १९१० च्या खानेसुमारीत एखाद्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत राहत होते, त्यांच्या ३ टक्के इतका त्या देशाचा वार्षिक कोटा. नव्या कायद्याने यात दोन आकडे बदलले: ३ टक्क्यांचे २ टक्के केले आणि १९१० च्या जागी १८९० धरले. एकूण कोटा ३.५८ लाखांवरून १.६५ लाखांवर आला. वाचणाऱ्याची नजर टक्क्याकडे जाते, पण कोणत्या देशाचा कोटा किती घटला, हे सालाने ठरवले.

इटलीचा कोटा ४२,०५७ होता, तो ३,८४५ झाला. नुसता टक्का उतरवला असता, तर तो सुमारे २८,००० राहिला असता. उरलेली २४,००० ची कपात सालाची, म्हणजे एकूण घटीच्या ६३ टक्के. कारण सरळ आहे. इटलीत जन्मलेले अमेरिकावासी १८९० मध्ये १.८३ लाख होते, १९१० मध्ये १३.४३ लाख. दक्षिण आणि पूर्व युरोपातली मोठी लाट या दोन खानेसुमाऱ्यांच्या मधली. १८९० धरले की ती हिशेबातूनच गळते. पोलंडचा कोटा ३०,९७७ वरून ५,९८२ वर आला, ८१ टक्क्यांनी कमी.

जर्मनीचे गणित उलटे. कोटा ६७,६०७ वरून ५१,२२७ झाला. १९१० कायम ठेवून टक्का २ केला असता, तर तो सुमारे ४५,००० भरला असता. म्हणजे सालाच्या बदलाने जर्मनांना ६,००० जागा परत मिळाल्या. कायद्याच्या मजकुरात इटालियन नको, जर्मन चालतील असे वाक्य कुठेही नाही. त्याची गरजही नव्हती.

मोजणीची जागाही बदलली. जुन्या कायद्यात कोटा महिन्यागणिक भरे, म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला मध्यरात्र उलटताच न्यूयॉर्क बंदरात शिरण्यासाठी जहाजांची शर्यत लागे. आता मोजणी परदेशातल्या वकिलातींत, व्हिसा देतानाच होऊ लागली.

कोटा सगळ्यांना नव्हता, ही आकड्यांतली मोठी फट. अमेरिका खंडातल्या देशांना त्यातून वगळले होते. नैर्ऋत्येकडच्या शेतमालकांना मजूर हवे होते. १९०१ ते १९१० या दशकात कॅनडा आणि मेक्सिकोतून आलेले एकूण स्थलांतरितांच्या ३ टक्क्यांहून कमी होते. १९२१ ते १९३० मध्ये ४१.०७ लाखांपैकी कॅनडाचे ९.२४ लाख, मेक्सिकोचे ४.५९ लाख: मिळून ३४ टक्के. कायद्यावर सही झाल्यानंतर दोनच दिवसांनी सीमेवरच्या गस्ती दलाची स्थापना झाली.

कोट्याच्या यादीत हिंदुस्थानही होता: वर्षाला १००. मात्र नागरिकत्वास अपात्र असलेल्याला या जागेवर येता येत नसे, आणि हिंदी माणूस अपात्र, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात ठरवले होते. म्हणजे त्या १०० जागा हिंदुस्थानात जन्मलेल्या गोऱ्यांच्या कामाच्या. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व रद्द करण्याचा दावा लावला. पंडित तो जिंकले.

१९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि स्वतःचा कोटा मिळाला. आकडा तोच, १००.