निलंग्याची तापलेली हवा

25 मे 2017. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निलंग्याहून उडालेले सिकोर्स्की एस-76 हेलिकॉप्टर क्षणार्धात तारांना अडकले आणि वस्तीलगत कोसळले. आतले सहाही जण बचावले, हे नशीबच. वारा बदलल्याचे जाणवल्याने वैमानिकाने परत उतरायचे ठरवले होते, असे तेव्हा सांगण्यात आले.

अशा वेळी पहिला संशय इंजिनावर जातो. पण ठणठणीत इंजिनही मराठवाड्याच्या मे महिन्यात कमी पडू शकते. समुद्रकाठी 15 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो भरते. निलंगा पाचशे मीटरहून उंच. तिथे पारा चाळिशीला टेकला की तेच वजन 1.05 किलोच्या आसपास उतरते. हवा विरळ झाली की पात्यांना उचल कमी मिळते. त्याच वेळी टर्बाइन इंजिनालाही श्वास अपुरा पडतो, त्याची ताकद घटते. दोन्ही बाजूंनी कोंडी! म्हणून सकाळी सात वाजता सहज उचललेले वजन दुपारी दोनला झेपेलच असे नाही.

त्यात आपली धूळ. सभेसाठी शेतात मुरूम टाकून हेलिपॅड करतात, पाणी शिंपडतात. तरी उतरताना लोट उठतोच. ही धूळ इंजिनात ओढली जाते, कॉम्प्रेसरच्या बारीक पात्यांच्या कडा झिजवते, त्यांवर थर बसवते. मग तेवढ्याच ताकदीसाठी इंजिन जास्त तापते. हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. तो सापडतो आकड्यांत: ठरावीक ताकदीला इंजिनाचे तापमान किती, याची नोंद ठेवून ती निर्मात्याच्या तक्त्याशी ताडून पाहतात. आकडा सरकू लागला की कॉम्प्रेसर धुवायची वेळ झाली. गिअरबॉक्सच्या तेलात लोहचुंबकाचा चिप डिटेक्टर असतो. बेअरिंग किंवा दातेरी चाक झिजू लागले की लोखंडाचे कण त्याला चिकटतात आणि कॉकपिटमध्ये दिवा लागतो. तो दिवा 'नंतर बघू' म्हणण्याचा नव्हे.

उंचावर इंजिन बंद पडलेच, तर वैमानिक पात्यांचा कोन लगेच कमी करतो. खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते आणि हेलिकॉप्टर ताब्यात राहून उतरवता येते. जमिनीपासून जेमतेम काही मीटरवर, वेगही नसताना, या युक्तीला वाव उरत नाही. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरात उरलेले एक इंजिन जादा ताकद देते खरे, पण ती फार तर काही मिनिटे, आणि तीही इंजिन निरोगी असेल व वजन बेताचे असेल तरच.

निवडणुका आल्या की नांदेड-लातूर पट्ट्यात हेलिकॉप्टरांची ये-जा वाढते. सभेला उशीर होत असतो, सोबत आणखी एकाला बसवायचे असते. अशा वेळी देखभाल अभियंता तपासणीसाठी अर्धा तास मागत असेल, तर त्याला तो मिळालाच पाहिजे. आणि वैमानिक एक माणूस उतरवा म्हणाला, तर तो माणूस मोटारीने जावा.