फोटो हलका करा, एक्स-रे मात्र नको

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या फार्महाऊस आणि होम-स्टेवाल्यांचा धंदा बराचसा फोटोंवर चालतो. चौकच्या बाजूने दिसणारा, ढगात डोकं खुपसलेला इर्शाळगड मोबाइलवर टिपायचा आणि तसाच संकेतस्थळावर चढवायचा. मग जेमतेम रेंजमध्ये पान उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक कंटाळून पुढे जातं.

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. एका ठिपक्याला ३ बाइट धरले तर कच्चा माल ३६ एमबी. फोन त्याचा जेपेग करून तो काही एमबींवर आणतो. पण मोबाइलवर पाहण्यासाठी १२०० ठिपक्यांची रुंदी पुष्कळ झाली. त्याच प्रमाणात उंचीही घटवली, की ठिपके जवळपास अकरा पटींनी कमी होतात. नेमकी हीच पायरी गाळून लोक थेट ‘क्वालिटी’चा आकडा खाली ओढतात आणि फोटोची माती करतात.

हा आकडा ८० च्या आसपास ठेवला तर फरक सहसा कळत नाही. उजेड-सावलीतले बारीक फरक आपला डोळा चटकन टिपतो, रंगांमधले तितके नाही. म्हणून जेपेग रंगांची माहिती ढोबळ करतं. शिवाय चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातले अगदी सूक्ष्म चढउतार सोडून देतं. यामागचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडलं. जेपेगचं मानक आलं १९९२ मध्ये. धुकं म्हणूनच थोडक्या जागेत मावतं. पावसाळी रानाचं पान न् पान मात्र केबी खातं!

जेपेग दरवेळी बदलून साठवला, की आणखी काही गळतं. त्यामुळे मूळ फोटो वेगळा जपावा, हलकी प्रत त्यावरूनच काढावी.

एक्स-रेची गोष्ट निराळी. हाडाला गेलेली केसाएवढी चीर म्हणजे करड्या रंगातला बारीकसा फरक, आणि असले फरकच काटछाटीत आधी जातात. गावातून शहरातल्या डॉक्टरांना चॅटवर एक्स-रे पाठवताना तो साधा फोटो म्हणून पाठवला, तर ॲप तो परस्पर आक्रसून टाकतं. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. रुग्णालयाकडून मूळ डायकॉम फाइल मिळाली, तर तीच पाठवावी.