क्लिअर लेक विमान अपघात

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आयोवा राज्यात ३ फेब्रुवारी १९५९ रोजी झालेला एका लहान भाडोत्री विमानाचा अपघात. यात बडी हॉली (२२ वर्षे), रिची व्हॅलेन्स (१७) व जे. पी. रिचर्डसन (२८) हे रॉक अँड रोल गायक आणि वैमानिक रॉजर पीटरसन (२१) असे चौघे मृत्युमुखी पडले. यंत्रात दोष नसतानाही वैमानिकास क्षितिज दिसेनासे झाल्यास काय घडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

क्लिअर लेक येथील कार्यक्रमानंतर कडाक्याच्या थंडीतील बसप्रवास टाळण्यासाठी गायकांनी बीचक्राफ्ट बोनांझा हे एक एंजिनाचे विमान भाड्याने घेतले. मेसन सिटी विमानतळावरून नॉर्थ डकोटातील फार्गोकडे ते रात्री १२·५५ च्या सुमारास निघाले आणि काही मिनिटांतच, विमानतळापासून दहाएक किमी. अंतरावर, एका शेतात आदळले. उजव्या पंखाचे टोक जमिनीस प्रथम लागले होते. सकाळी अवशेष सापडले.

आकाश ढगाळ होते, हलका हिमवर्षाव चालू होता व खालील विरळ वस्तीत दिवेही थोडे होते. अशा वेळी शरीराची संवेदना फसवी ठरते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांना वळण्याच्या गतीतील बदल जाणवतो. एकसारखे वळण काही वेळाने जाणवत नाही. कललेले विमान सरळ चालल्यासारखे वाटते आणि ते सर्पिल मार्गाने खाली येऊ लागते. त्यामुळे केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण करावे लागते. त्यासाठी लागणारी पात्रता पीटरसन यांच्याकडे नव्हती; १९५८ मधील चाचणीत ते अनुत्तीर्ण झाले होते.

सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने सप्टेंबर १९५९ मधील अहवालात उड्डाणाचा अविचारी निर्णय हे संभाव्य कारण ठरविले. त्यास दोन गोष्टींची जोड मिळाली. मार्गावरील बिघडत्या हवामानासंबंधीच्या दोन तातडीच्या सूचना वैमानिकास सांगण्यात आल्या नव्हत्या. तसेच विमानातील स्थितिदर्शक घूर्णी त्यांच्या परिचयाचा नव्हता. नाक वर आहे की खाली, हे तो नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या उलट रीतीने दाखवी. त्यामुळे उतार हा चढ वाटण्याचा संभव होता. चौकशी पुन्हा सुरू करण्याची विनंती २०१५ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अमान्य केली.

यांपैकी प्रत्येक उणीव उड्डाणापूर्वी जमिनीवरच दूर करता येण्याजोगी होती. प्रतिकूल हवामानात उड्डाण पुढे ढकलणे, हाच अशा अपघातांवरील सर्वांत खात्रीचा उपाय होय.