एफ्फाथा : कान, तोल आणि आपली जबाबदारी

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात एका बहिऱ्या माणसाची कथा आहे. प्रभू येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली आणि मग ‘एफ्फाथा’ हा शब्द उच्चारला. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याला स्पर्शाची खूण कळते, हे प्रभूने ओळखले होते. बालकाच्या स्नानसंस्कारात याच प्रसंगाचे स्मरण करून कानांना व मुखाला स्पर्श करण्याची प्रथा आहे. परंतु त्या बालकाला खरोखर ऐकू येते काय, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

गोंदिया जिल्ह्यात गावोगावी घरभेटीला गेल्यावर दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘आजीला घेरी येते, अशक्तपणा आहे.’ ‘मुलगा अजून बोलत नाही, पण त्याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ अशी समजूत करून घेऊन आपण थांबतो. पुष्कळदा या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच लहानशा अवयवात, म्हणजे आंतरकर्णात असते आणि वेळीच दाखवल्यास त्यांवर उपाय असतो.

एक अवयव, दोन कार्ये

आंतरकर्णाचा एक भाग गोगलगाईच्या शंखासारखा असतो. त्यातील द्रवात ध्वनीच्या लहरी उठतात आणि सूक्ष्म केसपेशी त्या लहरींचे संदेश मेंदूकडे पाठवतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या असतात. मान कोठे वळली, शरीर कोणीकडे कलले, हे त्या मेंदूला कळवतात. या यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी या वैद्याला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भोवळ आली तर

अंथरुणात कूस बदलताना, वर पाहताना किंवा रोवणीच्या वेळी वाकताना काही सेकंद घर गरगर फिरल्यासारखे वाटते, हा भोवळीचा सर्वांत सामान्य प्रकार आहे. पिशवीतील कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक सुटून नलिकेत शिरल्यामुळे असे होते. डॉक्टर रुग्णाचे डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा जागेवर आणतात. एपली नावाची ही क्रिया काही मिनिटांत होते आणि अनेकांना तेवढ्यानेच आराम पडतो. यासाठी सलाईनची गरज नसते. चक्करीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहिल्यास मात्र मेंदूची तोल सावरण्याची स्वाभाविक क्षमता मंदावते.

भोवळ तासन्‌तास टिकत असेल आणि सोबत कानात आवाज, दडपण व ऐकण्यात चढउतार असेल, तर तो मेनिएर विकार असू शकतो. त्यात मीठ कमी करण्याचा सल्ला देतात. भोवळीबरोबर बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

ऐकू न येणे

बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. भाषा शिकण्याचे वय निसटले की ते परत येत नाही. मोठ्या आवाजाने न दचकणारे किंवा सहा महिन्यांचे झाल्यावरही हाकेकडे न वळणारे बाळ तत्काळ दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी नागपूरच गाठले पाहिजे असे नाही.

प्रौढांचे शत्रू वेगळे आहेत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास, ही सर्वसाधारणपणे कानाची मर्यादा मानतात. आपल्या जिल्ह्यातील भातगिरण्यांच्या कामगारांनी आणि लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्या तरुणांनी याचा विचार करावा. स्ट्रेप्टोमायसिन व कॅनामायसिन या क्षयरोगावरील इंजेक्शनांनीही अनेकांच्या आंतरकर्णाला इजा झाली आहे. ती पूर्वी घेतली असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल’ म्हणून कानात तेल घालून वाट पाहू नये. त्यावरील औषध पहिल्या काही दिवसांतच अधिक गुणकारी ठरते.

आपला धर्मग्राम

भारतातील कर्णबधिर मुलांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईत सुरू झाली, ती येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. सतराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस द सेल्स यांनी एका बहिऱ्या युवकाला खुणांच्या साहाय्याने श्रद्धेचे शिक्षण दिले. आज ते कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानले जातात व २४ जानेवारीला त्यांचा सण असतो.

हा वारसा आपण साध्या गोष्टींतून चालवू शकतो. वाचकाने मायक्रोफोनने ओठ झाकू नयेत. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना पुढचे बाक आणि त्या दिवसाची वाचने कागदावर मिळावीत. त्यांच्याशी ओरडून न बोलता समोरासमोर, सावकाश बोलावे. पापनिवेदन लिहून किंवा खुणांनीही करता येते, हे त्यांना सांगावे. चर्चच्या पायऱ्यांना कठडा असावा. मिस्साबलीत गुडघे टेकताना तोल जाण्याची भीती वाटते त्यांनी संकोच न करता बसून प्रार्थना करावी.

चर्चमध्ये येईनाशी झालेली आजी श्रद्धेला मुकली, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिला आपले प्रवचन ऐकू तरी येत होते काय, हे आम्हा धर्मगुरूंनी विचारले पाहिजे. प्रभूने त्या बहिऱ्या माणसाला आधी जवळ घेतले, शब्द नंतर उच्चारला. तोच क्रम आपणही पाळू या.